शिवलं की फाउल

माझी उंची हा आमच्या घरात कायमचा काळजीचा विषय होता. दर दिवाळीला आत्या मला मागच्या दाराच्या चौकटीशी उभी करायची, कोळशाने खूण करायची आणि मागच्या वर्षीची खूण बघून कपाळाला हात लावायची. "आता थांब ना वं कमळे! एवढ्या लांब पोरीले नवरा कुठून आनू मी?" जणू वाढणं-थांबणं माझ्या हातात होतं आणि मी तिला छळायचं म्हणून मुद्दाम वाढत होते. दादा, म्हणजे माझे वडील, वर्तमानपत्राआड हसायचे. पुढे कॉलेजात गेले आणि पहिल्याच आठवड्यात ह्याच उंचीला एकदम भाव आला. संस्कृतचे पाठक सर व्हरांड्यात मला अडवून म्हणाले, "तू बास्केटबॉल खेळणार." विचारलं नाही, सांगितलं. बास्केटबॉल हा शब्दही मी तोवर ऐकला नव्हता, पण 'हो' म्हणून मोकळी झाले. कशालाही आधी हो म्हणायचं आणि मग ते काय आहे ते बघायचं, ही माझी सवय आजही आहे, आणि तिने माझं काही वाईट केलेलं नाही.

घर आमचं वर्ध्यात स्टेशनाजवळ, भाड्याचं. पुढे दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मागे पडवी, पडवीपुढे विहीर आणि विहिरीपलीकडे एक कडुनिंब. पहाटे शंटिंगच्या इंजिनांचा खडखडाट, मग कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाचा भोंगा, मग आत्याचं जातं आणि त्यावर दादांच्या चरख्याची घरघर. कापसाच्या दिवसांत आमच्या रस्त्याने बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागायची ती दुपारपर्यंत हटायची नाही, आणि कुंपणाच्या काट्यांवर, विहिरीच्या काठावर, अगदी आत्याच्या पापडांवरही कापसाचे पुंजके येऊन बसायचे. आई मला आठवत नाही. मी रांगत होते तेव्हाच ती गेली, आणि तेव्हापासून घर आत्याचं. आत्या दादांची थोरली बहीण. पोरवयात विधवा होऊन ती आर्वीकडच्या सासरहून माहेरी परतली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याबद्दल तिने कधी अवाक्षर काढलं नाही आणि विचारायची कोणाची छाती नव्हती.

दादा शाळेत मास्तर, अंगात खादी, आणि चौकातल्या सभेत शिवाशिवीच्या विरोधात बोलायला लागले की लोक टाळ्या पिटायचे. पण घरी आले की तेच दादा पाय धुतल्याशिवाय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला हात लावत नसत. तिथे आत्याचं राज्य होतं. कोणी कशाला शिवायचं, केव्हा शिवायचं, शिवलं तर काय करायचं, ह्याचे तिचे नियम इतके पक्के होते की कलेक्टर कचेरीतही तेवढी शिस्त नसेल. मी त्या नियमांवर खूप भांडायचे. आरडाओरडा करायचे, पाय आपटायचे, आणि शेवटी तिचंच ऐकायचे, कारण जेवण तिच्या हातात होतं आणि तिच्या हाताला चव होती.

पहिल्या दिवशी सरावाहून घरी आले तर ती दारातच उभी. "कशाचा असते तो बॉल?"

"चामड्याचा."

"कोन्या जनावराचं?"

"आता ते मी बॉलला विचारू का, आत्या?"

"मंग विहिरीवर जाय. तशी घरात येऊ नको."

झालं! त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, थंडी असो वारा असो, विहिरीवर आंघोळ केल्याशिवाय मला घरात पाऊल टाकता येईना. पुढे मी कॅप्टन झाले आणि बॉल माझ्याकडे राहायला लागला, तर त्यालाही घरात जागा मिळाली नाही. गोणपाटाच्या पिशवीत घालून तो कडुनिंबाच्या फांदीला टांगून ठेवायचा. मात्र मी आंघोळ करून कुडकुडत चुलीपाशी बसले की आत्या तव्यावरची भाकर थेट माझ्या ताटात टाकायची. सोबत आंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, नाहीतर तुरीच्या सोल्यांची आमटी. मी भाकरीमागून भाकरी उडवायला लागले की म्हणायची, "खेळून येते का नांगर हाकून येते वं तू?" आणि पुढची थापायला घ्यायची.

आमचं मैदान म्हणजे जिनाच्या मागची काळी जमीन. पाठक सरांनी लोहाराकडून दोन कड्या करवून घेतल्या होत्या, खांबांवर फळ्या ठोकल्या होत्या. सरांनी जन्मात बॉलला हात लावला नव्हता. त्यांच्याकडे खेळाच्या नियमांचं एक पुस्तक होतं आणि ते त्यांनी पाणिनी वाचावा तसं वाचलं होतं. काळ्या मातीचा गुण तुम्हाला सांगायला नको. पाऊस सरला की भेगा पडतात. आम्ही मुली मुरूम टाकायचो, पाणी मारायचो, धुम्मस मारून चोपायचो, वरून शेणाने सारवायचो. पण त्यावर बॉल उसळायचा म्हणून नाही. आपटला की गुडघ्यापर्यंत यायचा आणि बसायचा. त्यामुळे बॉल जमिनीवर आपटत धावणं आम्हाला कधी आलंच नाही. आम्ही तो एकमेकींकडे फेकायचो, नुसता फेकायचो, वरच्या वर, आणि त्यात आमचा हात धरणारं कोणी नव्हतं. खादीच्या जाड सलवारी घामाने भिजून जड व्हायच्या, केसांत कापूस अडकायचा, आणि भोंगा झाला की आम्ही पांढऱ्या डोक्यांनी घरी जायचो. आता माझं डोकं खरंच पांढरं झालंय. आरशात बघते तेव्हा कधी कधी वाटतं, झटकलं की पडेल.

मी चांगली खेळायचे. खोटी नम्रता मला जमत नाही. कडीखाली उभी राहिले की वरचा बॉल माझाच. पण माझा स्वभाव असा की कोणी मध्ये आलं की मला राग यायचा. कोपर जायचं, खांदा जायचा, कधी धक्का. पाठक सर पंचांच्याही आधी ओरडायचे, "कमल, स्पर्श! स्पर्श नको!" बास्केटबॉलमध्ये समोरच्या मुलीच्या अंगाला धक्का लागला की फाउल, आणि फाउल भरले की मैदानाबाहेर. माझ्या शेवटच्या वर्षाच्या हंगामात मी प्रत्येक सामन्यात बाहेर गेले. अमरावतीशी खेळताना गेले, उपांत्य सामन्यात तर अर्ध्यातच गेले आणि बाकीच्या चौघींनी कसाबसा एका गुणाने जीव वाचवला. त्या दिवशी शांता माझ्यावर अशी भडकली की विचारू नका. शांता पुलगावजवळच्या नाचणगावची, शेतकऱ्याची मुलगी, वसतिगृहात राहायची. अंगाने एवढीशी, पण बॉल तिच्या हातून सुटला की नेमका माझ्या हातात.

"तू स्वतःले समजते काय वं?" ती म्हणाली. "तुह्या रागाची भरपाई आम्ही काऊन करायची? आता सहावी कोनी आहे का आपल्याकडे?"

सहावी नव्हती. होती ती विमल, पण तुळशीचं लग्न लागलं आणि पाठोपाठ विमलचंही लागलं. ती चंद्रपूरकडे गेली आणि आम्ही नेमक्या पाच उरलो. पाच मुली मैदानात उतरल्याशिवाय सामनाच सुरू होत नाही. शेवटचा सामना नागपूरला, रविवारी दुपारी, तिथल्या एका मोठ्या कॉलेजशी. आमच्या कॉलेजची मुलींची टीम तिथवर पहिल्यांदाच पोहोचली होती. माझं ते शेवटचं वर्ष. म्हणजे जे काय व्हायचं ते त्या एका दुपारी.

आणि शनिवारी सकाळी मला कावळा शिवला.

आजच्या मुलींना हे सांगावं लागतं. महिन्याचे ते तीन दिवस बाईने बाजूला बसायचं. मागच्या पडवीत तरट टाकलेलं असायचं, त्यावर. ताट-तांब्या वेगळा, पाणी वरून ओतायचं, कोणाला शिवायचं नाही, घराबाहेर तर जायचंच नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायलं की मोकळी. कोणी विचारलं तर सांगायचं, कावळा शिवला. आमच्या घरात ह्यातून सुटका नव्हती. मला लपवता आलं असतं, नाही असं नाही. दोन दिवसांचाच प्रश्न होता आणि शांताने तेच केलं असतं असं ती मला नंतर म्हणाली. पण चोरून खेळायचं मला पटेना. मी जे करायचे ते छातीठोक करायचे. सरळ जाऊन आत्याला सांगितलं, तरट घेतलं आणि पडवीत बसले. बसले आणि ढसाढसा रडले. रागाने रडले. मैदानात मला बाहेर काढायचे तेव्हा निदान मी काहीतरी केलेलं असायचं.

दिवसभर मी आत्याशी भांडले. ती स्वयंपाकघरात, मी पडवीत, मध्ये उंबरा. "एक दिवस, आत्या! एका दिवसाने काय बुडतं?" ती ताट सरकवायची, वरून पाणी ओतायची, आणि आत जायची. दादा दोनदा खाकरले. तिसऱ्यांदा खाकरले तेव्हा आत्या म्हणाली, "नारायणा, काही बोलाचं असन तर बोल. चौकात तर मोठा बोलते." दादा चरख्यापाशी जाऊन बसले.

रविवारी सकाळी गाडीच्या वेळेआधी शांता मला घ्यायला आली. मागच्या अंगणातून आली आणि मला तरटावर बघून मटकन विहिरीच्या काठावर बसली. तिला एका नजरेत सगळं कळलं. आत्या तांदूळ निवडत दारात होती.

"आत्याबाई," शांता म्हणाली, "ही नाई आली तर आमची टीम खेळूच नाई शकत. नुसत्या हजर होऊन परत या लागन."

"मंग या परत. खेळ का पळून जाते?"

"पळून जाते ना! हिचं शेवटचं वर्ष आहे."

"बाई, मी काई दुष्ट नाई," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पन ह्या दिवसांत कोनाले शिवायचं नसते, म्हनूनच घराबाहेर जायचं नसते. तिथं दहा पोरी अंगावर अंग घालतीन. मी पाहिली ना तुमची खो-खो अन् कबड्डी."

शांता ताडकन उठली. मला अजून दिसते ती तशी, पदर खोचलेला, डोळे मोठे. "अंगावर अंग? नाई जी आत्याबाई! आमच्या खेळात शिवायचंच नसते. शिवलं की फाउल! पाठक सरांना विचारा, पुस्तकात लिहून आहे. शिवलं की शिट्टी वाजते अन् दंड होते. जास्त शिवलं तर हाकलून देतात."

आत्याचा हात सुपात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. "खरं हाये?"

"खरं आहे," मी म्हटलं. आणि मीच पहिल्यांदा ते ऐकत असल्यासारखी बसून राहिले.

"अन् बॉल?"

"चामड्याचा बॉल. त्याला कसलं आलंय सोवळं!" मी म्हटलं.

आत्याने सूप खाली ठेवलं. ती विचार करायला लागली की ओठ आत ओढून घ्यायची, तसे ओढून घेतले. नियमांशी ती खोटं कधी वागली नाही. आमच्या बाजूने असला तरी नियम तो नियम. मग म्हणाली, "तू एकातरी पोरीले शिवली तर तिथूनच घरी आनीन तुले. मी सोबत येऊन राह्यली. नारायणा, माहं लुगडं काढ दोरीवरचं." दादांचा चरखा बंद पडला तो तसाच राहिला.

त्या दिवशी पॅसेंजरला बाजारासारखी गर्दी होती. आत्या आपला तांब्या धरून खिडकीशी, समोरच्या बाकावर मी कोपऱ्यात, माझ्या शेजारी हातभर जागा रिकामी, आणि ती जागा राखायला चौघी पहारेकरी. कोणी बसायला आलं की शांता म्हणायची, "इथं नाई जी, तिकडं जा." एकाने विचारलं, "काऊन? बीमार आहे का ही पोरगी?" तर ती म्हणाली, "कॅप्टन आहे!" सिंदी स्टेशनात कापसाचे दलाल चढले, धोतरं सावरत, टोपल्या घेऊन, आणि मी भिंतीला चिकटून, हातपाय आत घेऊन, कोणाचा धक्का कुठून येतोय ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसले. एवढा वेळ अंग सांभाळून मी आयुष्यात कधी बसले नव्हते. पाठक सर पलीकडच्या बाकावर पुस्तक उघडून बसले होते. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण आत्याला टीमबरोबर बघून त्यांनी तिला वाकून नमस्कार केला आणि एक संत्रं पुढे केलं. तिने ते घेतलं, सोलण्याआधी मात्र धुतलं.

नागपूरचं मैदान सिमेंटचं. मुली उंच, पांढरे बूट घातलेल्या, रिबिनी बांधलेल्या. आम्ही अनवाणी. आत्याने कडेच्या बाकावर बसायला नकार दिला आणि रेषेपाशी, स्वतःची घोंगडी अंथरून, मांडी ठोकली. शिट्टी झाली आणि आमची फजिती सुरू झाली. सिमेंटवर बॉल असा उसळायचा की माझ्या हनुवटीला लागला. आमच्या हातून निसटायचा, त्या पळवायच्या. त्यात त्यांची एक धिप्पाड मुलगी माझ्या मागे लागली. नाव आता आठवत नाही, वेणी आठवते. मला कोपर मारायची, खांद्याने रेटायची. तिने कोणाकडून तरी ऐकलं असणार की ही वर्ध्याची उंच मुलगी भडकते. एकदा तिने मला असं ढकललं की माझा हात आपोआप वर गेला. आणि रेषेपलीकडून आवाज आला, "कमळे!"

हात तिथेच राहिला. मी तो तसाच सरळ वर ठेवला, आकाशाकडे. त्या मुलीने टाकलेला बॉल त्याच हातावर आदळला आणि शांताकडे गेला. मला कळेचना की हे काय झालं. मी तिला शिवले नव्हते. नुसती उभी होते, हात वर करून, आणि बॉल मला मिळाला होता. मग मी तसंच खेळायला लागले. गाडीत बसले होते तशी. धक्का यायच्या आधी सरकायचं, कोणाच्या वाटेत अंग घालायचं नाही, फक्त हात वर. मध्यंतरात पाठक सर एवढंच म्हणाले, "बॉल भुईला लावूच नका. आपल्या मैदानासारखं खेळा." मग आम्ही फेकायला लागलो. वरच्या वर, शांताकडून माझ्याकडे, माझ्याकडून पलीकडे, आणि पांढऱ्या बुटांच्या मुली नुसत्या बॉलमागे माना फिरवत राहिल्या. आम्ही गुण भरून काढत चाललो.

इकडे आत्याला खेळ समजला होता. पूर्ण नाही, पण तिला हवा तेवढा. त्या मुलीने मला पुन्हा रेटलं तशी ती घोंगडीवर उभी राहिली. "अहो मास्तर, शिवली ना ती! दिसत नाई काय तुमाले?"

पंच वळले. "बाई, खाली बसा."

"बसतो ना. तुमी पाहा नीट!" प्रेक्षक हसले. पण पुढच्या वेळी पंचांनी शिट्टी मारली, आणि त्यानंतर ते माझ्या पाठीमागे काय चाललंय ते बघायला लागले. ज्या कोणाला मी त्या हंगामात कोपर मारलं होतं, त्या सगळ्यांना त्या दिवशी आत्या पंच म्हणून आवडली असती.

शेवटी आम्ही एका गुणाने मागे आणि वेळ संपत आलेली. शांताने बॉल टाकला, मी कडीखाली तो झेलून वर उडी मारली, आणि त्या मुलीने मला मागून असं ढकललं की मी सिमेंटवर आडवी. गुडघा फुटला. शिट्टी! मी उठले. अंगातलं सगळं रक्त डोक्यात गेलं होतं. ती समोरच होती, हातभर अंतरावर. मी आत्याकडे पाहिलं. ती नुसती बघत होती, ओठ आत ओढून. मी वळले आणि रेषेवर जाऊन उभी राहिले. मला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता कडीत टाकायचे एकेका गुणाचे दोन बॉल, मिळाले होते. हंगामभर दंड भरणारी मी, मला कधी ते टाकायची पाळीच आली नव्हती. दोन्ही हातांनी खालून, विहिरीतून भरली बादली वर घेतो तसा बॉल उचलला आणि सोडला. कडीवर फिरला, आत पडला. बरोबरी. दुसरा सोडला तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. मला तो आत जाणार हे ठाऊक होतं. गेलाच.

आणि मग भोंगा नाही, साधी शिट्टी झाली, आणि आम्ही जिंकलो होतो.

चौघी माझ्याकडे धावत सुटल्या. हात पसरून, किंचाळत, शांता सगळ्यांत पुढे. मी दोन पावलं मागे सरले. "शिवू नका! शिवू नका मला!" त्या थबकल्या. त्यांना आठवलं. मग त्या एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या आणि मी एकटी मैदानाच्या मध्यभागी उभी राहिले, रक्ताळलेला गुडघा घेऊन, हात दोन्ही बाजूंना लोंबकळत. लोक टाळ्या वाजवत होते. मला फार वाईट वाटलं. जिंकल्याचा आनंद इतका मोठा होता आणि तो ठेवायला कोणी जवळ नव्हतं.

तेवढ्यात आत्या उठली. तिने वहाणा रेषेबाहेर काढल्या, देवळात जाताना काढायची तशा, आणि ती सिमेंटवरून चालत माझ्याकडे यायला लागली. मला वाटलं रागावणार. मी म्हटलं, "आत्या, मी कोणालाच शिवले नाही गं!" ती जवळ आली, आणखी जवळ आली, आणि दोन्ही हातांनी तिने माझं तोंड धरलं. धरलं आणि धरूनच राहिली. मग माझ्या गालांवरून हात उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "तुले नजर लागन वं माह्ये बाई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

परतीच्या गाडीत तिने माझ्याशेजारी हातभर जागा ठेवली नाही. मला चिकटून बसली. पदर फाडून माझ्या गुडघ्याला बांधला. मुली पलीकडे गात होत्या. सिंदी गेलं, उन्हं उतरली, आणि मी हळूच विचारलं, "आज शिवलीस काऊन, आत्या?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू एकटी उभी होती ना वं." आणि पुढे म्हणाली, "तो गेला तवा मी बाजूले होती."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तीन दिस ताप होता त्याले. मी पडवीत, तरटावर. दार उघडं होतं, मले त्याचे पाय दिसत. हाक मारे तो मले. सासू म्हने, तू शिवशीन तर त्याले बाधन. म्हनून नाई शिवली मी. पानीबी दुसऱ्यानं पाजलं." तिने तांब्या मांडीवर घट्ट धरला होता. "मी नाई शिवली, तरी तो गेलाच."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दुसरं काय करणार? मी वयाने तेवढी मोठी नव्हते. पण आता, तिच्याहूनही म्हातारी झाल्यावर, मला वाटतं की ती ते नियम इतके घट्ट धरून का बसली होती ते मला कळतं. नियम खोटा म्हटला असता, तर त्या दिवशी ती उघड्या दारापाशी बसून राहिली ते कशासाठी? एवढं मोठं नुकसान फुकट झालं असं कोणाला म्हणवेल? आणि तरीही त्या दुपारी ती उठली आणि सिमेंटवरून चालत आली. मी आयुष्यात बरीच बक्षिसं घेतली. मुख्याध्यापिका झाले, लोकांनी हार घातले. पण तशी चालत माझ्याकडे पुन्हा कोणी आलं नाही.

घरी पोहोचल्यावर आत्याने विहिरीवर थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ केली, मला तरटाकडे बोट दाखवलं आणि ताट लांबून सरकवलं. नियम तो नियम. ताटात मात्र भाकर नव्हती. डाळीच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात होता, वर हिंगाची फोडणी. तो आमच्याकडे फक्त सणाला व्हायचा. दादांनी तिसऱ्यांदा सामन्याची हकीकत विचारली तेव्हा आत्याच सांगायला लागली, पंचांना कसं सुनावलं ते, आणि दादा चौकातल्या लोकांसारख्या टाळ्या वाजवायला लागले.

चौथ्या दिवशी मी न्हाले, केस वाळवत विहिरीपाशी उभी होते. आत्या आली, कडुनिंबाच्या फांदीवरची पिशवी तिने काढली, आणि आतून बॉल बाहेर घेतला. दोन्ही हातांत धरून त्याचं वजन पाहिलं. शिवण चाचपली. "जड हाये वं," म्हणाली. मग नागपूरला बघितलं होतं तसा छातीपाशी नेला, ओठ आत ओढले आणि माझ्याकडे फेकला. सरळ आला, वरच्या वर, भुईला न लागता. मी झेलला आणि परत तिच्याकडे टाकला. तिने झेलला. आम्ही अशा खेळत राहिलो, चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत, आणि मग ती हात झटकत आंघोळीला गेली.